आधी बाई, मग छप्पर

अहो आई,

नाशिकहून परत आल्यावर इथे दोह्यात, मुशैरिबच्या ऑफिसात सगळ्यांना सांगावं लागलं की माझ्या सासूबाई गेल्या. 'मदर-इन-लॉ' म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरासा सैल पडतो, तुम्हाला सांगते. आई गेली म्हटलं असतं तर बसायला खुर्ची दिली असती. सासू म्हटल्यावर 'ओह, सॉरी' आणि पाठोपाठ त्या रिपोर्टचं काय झालं. मला इतका राग आला की मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हटलं, तुमची सासू तशी असेल, माझी नव्हती. हिंदीत म्हटलं, म्हणजे तिला नीट कळलंही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मनीषा, जीभ जरा आवर," आणि मग स्वैपाकघरात जाऊन एकट्याच हसला असतात.

तुमचं जाणं तुमच्यासारखंच झालं, गाजावाजा न करता. दुपारी वरणभात आणि मेथीची भाजी जेवलात, ओटा पुसलात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत. चहाच्या वेळेला शेजारच्या वंदनाताईंनी बेल वाजवली, मग त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आम्हाला फोन आला तेव्हा निखिल मेसईदला प्लँटवर होता. तिथून तो घरी आला, बॅग भरली, विमानात बसला, आणि नाशिकला पोचेपर्यंत एकच वाक्य बोलला. "एकटी होती ती, मनीषा." ते वाक्य त्याने अजून सोडलेलं नाही. ताटावर बसतो, दोन घास चिवडतो आणि उठतो. तुम्हाला इथून जाऊ द्यायला नको होतं असं त्याला वाटतं. आपण केलं ते बरोबर केलं असं मला वाटतं. पण आई त्याची गेली आहे, त्याला हे मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून तुमच्याशीच बोलायला बसले.

बाबा गेल्यावर त्याने तुम्हाला दोह्याला आणलं ते कायमचं म्हणूनच. विचारलं नाही, ठरवलं. तुमचा व्हिसा, तुमची खोली, तुमच्या गुडघ्यांचा डॉक्टर, सगळी जय्यत तयारी. नाशिकचा फ्लॅट भाड्याने द्यायचा की विकायचा एवढंच बाकी होतं. तुम्ही द पर्लमधल्या आमच्या गॅलरीत उभ्या राहिलात, खालच्या बोटी बघितल्यात, ते चकचकीत रस्ते बघितलेत आणि म्हणालात, "छान आहे हो. पण इथे कुणी ओरडत कसं नाही?" भाजीवाला नाही, भंगारवाला नाही, जिन्यात भांडणारी पोरं नाहीत. निखिल पहाटे मेसईदला, मी मुशैरिबला, सई शाळेत. तुम्ही आणि एसीचा आवाज. पहिले काही दिवस तुम्ही टीव्ही लावून बसलात. मग एका संध्याकाळी पायात चपला अडकवून लिफ्टने खाली गेलात आणि परत आल्यावर मला म्हणालात, "खाली एक बाई पाण्याची रांगोळी काढते."

ती बाई म्हणजे लिनबाई. आमच्याच टॉवरमध्ये राहणाऱ्या वेईची आई. तीही तुमच्यासारखीच, नवरा गेल्यावर मुलाने चीनमधल्या कुठल्याशा गावातून उचलून आणलेली. पांढरे आखूड केस, कापडी बूट, आणि हातात एक लांब दांडा, त्याच्या टोकाला स्पंजाचा कुंचला. बाटलीतल्या पाण्यात तो बुडवायचा आणि पायवाटेच्या फरशीवर उभ्या उभ्या अक्षरं लिहायची. तिच्या गावाकडे म्हातारी माणसं सकाळी बागेत जमून असं लिहितात म्हणे. शाई नाही, कागद नाही, जपून ठेवायची भानगड नाही. तिकडे चार-पाच अक्षरं होईपर्यंत पहिलं टिकत असेल, इथल्या हवेत दुसरं लिहून होईस्तोवर पहिलं उडून जायचं. तुम्हाला याची फार गंमत वाटली. म्हणालात, "आपली रांगोळी निदान पोरं पुसेपर्यंत तरी राहते."

दुसऱ्या दिवशी तुम्ही रांगोळी घेऊन निघालात तेव्हा निखिल किती घाबरला होता, आठवतं? "आई, प्लीज, या देशात पांढरी पावडर घेऊन फिरू नकोस." तुम्ही शहाण्यासारखा रांगोळीचा डबा ठेवलात आणि तांदळाचं पीठ घेऊन गेलात, दिसायला तेही पांढरंच. सिक्युरिटीवाला आलाच. "मॅडम, ये क्या है?" तुम्ही म्हणालात, "चावल का आटा है. कबूतर खाएगा." तो बिचारा म्हणाला की कबुतरांना खायला घालायलाही मनाई आहे. मग तुमचं आणि त्याचं ठरलं, जाताना तुम्ही झाडून घ्यायचं आणि त्याने तोवर दुसरीकडे बघायचं. इतका व्यवहार तुम्ही तुमच्या त्या हिंदीत केलात, मला आजही कळत नाही कसा.

लिनबाईंशी तर तुम्ही सरळ मराठीतच बोलायचात आणि त्या चिनीत. एकदा मी गॅलरीतून बघत होते, दोघींचं अर्धा तास काहीतरी रंगात आलं होतं. वर आल्यावर मी विचारलं, काय बोलत होतात? तुम्ही म्हणालात, "सुनांबद्दल." मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं ती सुनेबद्दलच बोलतेय? म्हणालात, "उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला माझा. आवाजावरून कळतं गं, कोण कुणाबद्दल बोलतंय." तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा आणि तरी मी रोज घालायचे.

लिनबाई रोज निघण्याआधी एक अक्षर लिहायच्या. हे: 安. वर एक टिंब, त्याखाली दोन्हीकडे उतरतं छप्पर आणि छपराखाली पायांची अढी घातल्यासारख्या रेघा. एका शुक्रवारी त्यांची सून मेई खाली आली होती, तिने इंग्रजीत समजावलं. आणि सईने तुम्हाला तिच्या त्या भाषेत सांगितलं, "आजी, वर रूफ आहे आणि खाली वुमन आहे. इट मीन्स पीस." मेई पुढे बरंच सांगत होती. उच्चार 'आन'. शांती, सुरक्षितता, निवांतपणा, सगळ्याला हेच. रात्री झोपताना एकमेकांना म्हणतात त्यात हे अक्षर, आणि त्यांच्याकडे वॉचमनला जो शब्द आहे त्यातही हेच. तुम्ही लगेच आमच्या सिक्युरिटीवाल्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "ह्याच्यातही?" तो संकोचून दूर गेला.

मग मेईने फोनवर त्या अक्षराची जुनी रूपं दाखवली. हजारो वर्षांपूर्वी हाडांवर आणि कासवाच्या पाठीवर कोरलेली. तिथे तर ते चित्रच होतं. एक घर, आणि घरात गुडघे मोडून, हात पुढे घेऊन बसलेली बाई. काही जुन्या अक्षरांत बाईच्या अंगाखाली एक बारीकशी रेघही होती. ती रेघ कशाची, हे नक्की कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं चटई, कुणी म्हणतं कापड. तुम्ही चष्मा वर करून ती रेघ इतकी बारकाईने बघितलीत की मेईने फोनच तुमच्या हातात दिला.

त्या रात्री जेवताना सईने हे सगळं तिच्या बाबाला सांगितलं आणि निखिल असा काही खूश झाला. "बघ आई, त्यांनी हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. बाई घरात छपराखाली असली की शांती. आता तू नाशिकचं डोक्यातून काढ." तुम्ही आमटीत भात कालवत होतात. मान वर न करता विचारलंत, "छप्पर कुणाचं, ते लिहिलंय का त्यात?"

मी तुमच्या बाजूने बोलायला गेले आणि तुम्ही मलाच गप्प केलंत. मी म्हटलं, हे अक्षर लिहिणारा पुरुषच असणार. बाईला घरात कोंडली की बाकीच्यांना शांती, दुसरं काय. तुम्ही म्हणालात, "तू उगाच चिडतेस. नीट बघ. ती राबत नाहीये. बसलीये. आपल्याकडे घरात बसलेली बाई तुला कधी दिसली? मी तर माझ्या आईला जेवतानासुद्धा उकिडवीच पाहिली. हिच्याखाली चटईपण आहे." मी म्हटलं, ती चटईच कशावरून? तुम्ही म्हणालात, "मग काय, बाई बसलीये म्हटल्यावर कुणीतरी अंथरली असेल की."

हा वाद आपला कधीच संपला नाही. मी अजूनही म्हणते की ती बाई दमून बसली आहे किंवा कुणाला तरी हात जोडते आहे. आणि तुम्ही म्हणायचात की ती निवांत आहे, तिला कुणी हाक मारू नका. आता मला उत्तर द्यायला तुम्ही नाही, म्हणजे जिंकलात तुम्हीच. हे मला अजिबात पटलेलं नाही, हे लक्षात असू द्या.

पण खरी मजा पुढेच होती. तुम्ही ते अक्षर पिठाने काढायला घेतलंत आणि लिनबाई हवालदिल झाल्या. चिनी अक्षरात कुठली रेघ आधी, कुठली नंतर हे ठरलेलं असतं, त्यात बदल चालत नाही. या अक्षरात आधी टिंब, मग छप्पर, आणि शेवटी बाई. तुम्ही आयुष्यभर रांगोळी काढलेली. तुमची चिमटी आधी मध्यावर जाणार, मधलं फूल झालं की मग भोवतीची वेल, सगळ्यात शेवटी किनार. तुम्ही आधी बाई काढलीत. लिनबाईंनी "ए ए ए" करत तुमचा हात धरला, तुमची बाई पायाने पुसली आणि पाण्याने आधी छप्पर घालून दाखवलं. तुम्ही मान हलवलीत, समजल्यासारखं केलंत आणि पुन्हा आधी बाई काढलीत. त्यांनी परत पुसली. मला तर वाटलं, आता ह्या दोघी एकमेकींच्या झिंज्या धरणार.

त्यांनी मेईला फोन लावला, मेईने मला बोलावलं, आणि मी खाली येऊन तुम्हाला सांगितलं की आई, त्यांच्यात आधी घर काढतात, मग त्यात बाई. तुम्ही कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. पीठ साडीला लागलं होतं. म्हणालात, "तिला सांग, असं कसं? आधी बाई बसू दे. ती कुठे बसते, कशी ऐसपैस बसते ते बघायचं, आणि मग त्या मापाने छप्पर घालायचं. आधीच छप्पर घातलं तर तिला त्यात कोंबावी लागते." मी हे जमेल तसं मेईला सांगितलं, मेईने लिनबाईंना सांगितलं. लिनबाई तुमच्याकडे बघत राहिल्या, मग पाण्याची बाटली खाली ठेवून बाकावर जाऊन बसल्या. त्यांनी त्या दिवशी दुसरं काही लिहिलं नाही.

आणि त्याच संध्याकाळी जेवायच्या वेळी तुम्ही निखिलला सांगितलंत, "मी नाशिकला जाते. राहायला." तुमचा आवाज इतका साधा होता की त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने ताट बाजूला सारलं.

त्यानंतरचे दोन महिने घरात नुसती धुसफूस होती. तो म्हणायचा, लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणायचात, लोक मला रोज जिन्यात भेटतील, मी विचारून सांगते. तो म्हणायचा, तुला काही झालं तर? तुम्ही म्हणायचात, काही ना काही होणारच आहे रे, ते माझ्या घरी होऊ दे. त्यावर तो उठून जायचा. मग बोलणंच बंद झालं, "मीठ दे" सुद्धा सईमार्फत. एकदा मी तुम्हाला एकटीला गाठून विचारलं, इथे काही कमी आहे का? माझं काही चुकतं का? तुम्ही माझ्या गालाला हात लावलात. "काही कमी नाही. तुम्ही दोघं मला तळहातावर ठेवताय. पण तळहातावर बसून माणसाला पाय कुठे सोडता येतात? आणि तुलाही बरं वाटेल गं, खोटं बोलू नकोस." मी खूप नाही-नाही म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि मग आपल्या दोघींनाही हसू आलं. सासू-सुनेला इतकं मोकळं हसता येतं हे मला आधी माहीत नव्हतं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले, आता मानते.

तिकीट मी काढलं. निखिल विमानतळावर आला पण गाडीतून उतरला नाही.

नाशिकला गेल्यावर तुमचं जे काही सुरू झालं ते आम्ही फोनवरून ऐकायचो. बघायचो म्हणायची सोय नव्हती, कारण व्हिडिओ कॉलवर आम्हाला कायम तुमचा सीलिंग फॅनच दिसायचा. आज भजन, उद्या बँकेत, परवा वंदनाताईंच्या नातीकडून भाषण पाठ करून घ्यायचंय. एकदा भाजीवाल्याशी घासाघीस चाललेली ऐकली, तुम्ही त्याला म्हणत होतात, "खलास, आता एक रुपया जास्त देणार नाही." दोह्यातून तुम्ही तो एक अरबी शब्द, एवढी एकच वस्तू घेऊन गेलात. एकदा मी तुम्हाला सांगितलं की मेई म्हणते, जुन्या पुस्तकांत तेच अक्षर 'कुठे?' असं विचारायलाही वापरत. चित्राशी त्याचा काही संबंध नाही, आवाज सारखा म्हणून उसना घेतलेला. तुम्हाला ते अजिबात नवल वाटलं नाही. म्हणालात, "बरोबर आहे की. घरात बाई बसली रे बसली की सगळे हेच विचारतात. मोजे कुठे, डबा कुठे, किल्ली कुठे."

तुम्ही गेल्यावर आम्ही तिथे पोचलो तेव्हा निखिलला वाटत होतं, रिकामं घर असेल. दारात चपलांना जागा नव्हती. दिवसकार्य होईपर्यंत माणसं येतच राहिली, आणि बहुतेकजणी काहीतरी मागायला. एकीचा खलबत्त्यातला बत्ता तुमच्याकडे होता, एकीचा चकलीचा सोऱ्या. निखिल एकदा वंदनाताईंना म्हणाला, "ती अशी एकटी गेली, हेच टोचतं." वंदनाताई डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "एकट्या कुठे होत्या रे? माझा कुकर त्यांच्याकडे, त्यांची कढई माझ्याकडे. अर्धा स्वैपाक आमचा एकत्रच असायचा. मी तर तुझ्या आईला म्हणायचे, जरा एकट्या बसा हो घटकाभर." निखिल उठून दारातल्या चपला सारख्या करायला गेला. मला वाटलं, त्याला ते पटलं नाही.

इथवर लिहून पत्र ठेवून दिलं होतं, आज पुढे लिहिते. काल वेई, मेई आणि लिनबाई आम्हाला भेटायला आले. लिनबाईंनी संत्री आणली होती. सोफ्यावर बसून त्यांनी सईचा हात हातात धरून ठेवला आणि मधून मधून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत राहिल्या. मी चहा दिला. थोडा वेळ सगळे तुमच्या त्या पिठाबद्दल आणि सिक्युरिटीवाल्याबद्दल बोललो. मग वेईने कप खाली ठेवला आणि निखिलला सरळ विचारलं. त्याचं इंग्रजी तोडकं आहे, त्यात गुळमुळीत बोलताच येत नाही. "माझ्या आईला परत जायचंय. वर्षभर म्हणतेय. मी नाही म्हणतो. तिकडे ती एकटी पडेल. तुमची आई गेली तेव्हा जवळ कुणी नव्हतं. तुम्ही सांगा मला. पुन्हा तीच वेळ आली, तर तिला पाठवाल?"

मेईने त्याचा दंड धरला, पण तो हलला नाही. मला वाटलं, आता निखिल उठून आत जाईल. लिनबाईंना इंग्रजी ओ की ठो कळत नाही, पण बोलणं आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना कळलं होतं. त्या निखिलच्या तोंडाकडे बघत होत्या.

पण निखिल बसून राहिला. मग तो वंदनाताईंच्या कुकरबद्दल बोलायला लागला. दारातल्या चपलांबद्दल, त्या सोऱ्याबद्दल, तुम्ही पाठ करून घेतलेलं भाषण त्यांच्या नातीने त्याला म्हणून दाखवलं त्याबद्दल. ते कधी झालं ते मला माहीतही नव्हतं. वेई ऐकत होता. शेवटी निखिल म्हणाला, "पाठवेन." आणि जरा थांबून, "फक्त आधीचे ते दोन महिने भांडणार नाही. ती माझ्यासमोर बसली होती आणि मी तिच्याशी बोलत नव्हतो."

ते लोक गेल्यावर तो रडला, आई, आणि मी त्याला रडू दिलं. मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, भूक लागली आहे. मी पोळ्या लाटल्या, मेथीची भाजी टाकली. तुम्ही गेल्यापासून काल पहिल्यांदा तो पोटभर जेवला.